दीड तासावरची आई

रेझोल्यूटहून आमचं ग्रीस फियोर्ड, उत्तर ध्रुवाकडचं बर्फातलं गाव, विमानानं दीड तास. शाळेतल्या नकाशावर तर माझ्या करंगळीएवढंच! पण डोंगरावरून वारा सुटला की तेवढ्यालाच आठवडा लागतो.

त्या दिवशी धावपट्टीवर सगळ्यांच्या आधी मी हजर. मिकाताई दक्षिणेतल्या दवाखान्यात बाळंत होऊन, रेझोल्यूटमार्गे घरी येत होती.

"दादा, टोपी ओढ, कान गळून पडतील," म्हातारा इमूशी म्हणाला. वैमानिकाला वारा कळवायचं काम त्याचं. त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचं नाव मला ठेवलंय, कौनाक, आणि आमच्याकडे नावाबरोबर नातंही येतं, म्हणून मी मुलगी असूनही त्याचा दादा. मीही त्याला "काय रे पोरा" म्हणते!

आणि ताईच्या बाळाला आमच्या आईचं नाव मिळणार होतं, नुताराक. आई गेल्या वर्षी गेली. म्हणजे मला परत कुणालातरी 'आई' म्हणता येणार होतं.

विमानाची घरघर ऐकू आली. बर्फाच्या धुरळ्यावर, आमच्या डोक्यावरच, दोनदा फिरली आणि बारीक होत गेली.

"परत गेलं, दादा."

"इतक्या जवळ येऊन?"

"मला काय विचारतेस? वाऱ्याला विचार."

ताई रेझोल्यूटला पोचली असेल तेव्हा मी फोन लावला.

"ताई! नुताराक कशी आहे?"

"कोण?"

"अगं, बाळ!"

ताई म्हणाली, "तिचं नाव ईवालू ठेवलंय. ह्यांच्या आत्याचं. तुला विचारलं होतं ना फोनवर, आईचं ठेवू का? तू गप्पच. म्हटलं, तुला सोसणार नाही."

"गप्प कुठे? भुवया उडवल्या की मी!"

आमच्याकडे भुवया उडवल्या की 'हो'. गावच्या रेडिओवर हल्ली सूचना वाचते मी, सगळ्या गावाला माझा आवाज पाठ आहे! पण आईचं नाव निघालं आणि तोंडच उघडलं नव्हतं.

"येडपट! तुझ्या भुवया मला इथून दिसतात होय?" ताई हसली. मग हसताहसता नाक ओढायला लागली.

"मग दोन्ही नावं ठेव. लोकांना चार-चार असतात."

"ह्यांना विचारते."

"विचारायचंय काय? आत्याबाई राहू देत की तिथंच! मी फक्त आईला आत घे म्हणतेय."

ताईनं पुन्हा नाक ओढलं.

"बरं. दोन्ही," ताई म्हणाली. "थांब, तिच्या कानाला फोन लावते."

"आई," मी म्हणाले.

नुसता श्वास ऐकू येत होता, इवलासा, भराभर. तिनं माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. खिडकी वाऱ्यानं थडथडत होती, पुढचं विमान कधी ते कुणीच सांगत नव्हतं.

"आई, मी आहे. कौनाक."

ती रडायला लागली, आणि ताईनं फोन काढून घेतला.