गिलियनने आवरलेली शेड

मी शेड बोलतेय, बागेची अवजारं ठेवायची लाकडी खोली. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात, एका उताराच्या गल्लीत, घरामागच्या बागेच्या टोकाला, कुंपणाला टेकून उभी आहे मी. आर्नल्ड सगडनने मला स्वतःच्या हातांनी बांधलं. तेव्हा तो गालिच्यांच्या गिरणीत होता. त्याची बायको एड्ना लहानग्या गिलियनला कडेवर घेऊन उभी होती आणि दार वाकडं बसलंय म्हणून त्याला चिडवत होती.

पुढच्या पन्नास वर्षांत माझ्या पोटात काय काय साठलं, सांगता सोय नाही. मुरंब्याच्या बरण्यांत खिळे, तंबाखूच्या डब्यांत बिया, सुकलेले रंगाचे डबे, मोडकी आरामखुर्ची, एड्नाचे रबरी बूट. बाहेरच्या माणसाला उकिरडाच वाटला असता. आर्नल्ड मात्र इथे तासन्‌तास रमायचा. लीकची, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या भाजीची, रोपं करायचा, रेडिओवर क्रिकेट ऐकायचा.

एड्ना गेली आणि त्याचं डोकं हळूहळू विरत चाललं. किटली गॅसवर ठेवून तो विसरायचा. जेवायला बसला की एड्नाला हाक मारायचा. पण माझ्या दारातून आत आला की त्याचा उजवा हात न बघता दारामागच्या खिळ्यावर जायचा आणि खुरपं काढायचा. सुतळी निळ्या डब्यामागे, कात्री खिडकीत. डोक्यातून गेलेलं सगळं हातांना पाठ होतं. दिवसातले ते दोन तास तो पहिला आर्नल्ड असायचा. हे फक्त मी बघत होते.

मे महिन्यात छातीत कफ झाला म्हणून त्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. गिलियन लीड्सहून रजा काढून आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, घरात पसारा नको, वस्तूंवर नावं लावा. तिने घर आवरलं, मग माझ्याकडे वळली.

सगळं सामान गवतावर निघालं. शेजारच्या डोरीनबाई कुंपणावरून डोकावल्या.

"आर्नल्डला विचारलंस का गं?"

"विचारून काय करू? पाच मिनिटांत विसरतो तो."

"तरी पण."

"डोरीन, गेल्याच महिन्यात त्या मोडक्या खुर्चीला अडकून पडता पडता वाचलाय. त्याचं हाड मोडलं तर निस्तरणार कोण? मीच ना?"

डोरीनबाई घरात परतल्या. गिलियनने कचरा डेपोच्या चार फेऱ्या केल्या. एड्नाचे बूट मात्र ती बराच वेळ हातात धरून बसली, मग तेही गाडीत टाकले. जुने खिळे उपटले, माझ्या भिंतींना पांढरा रंग दिला, नवे आकडे बसवले आणि प्रत्येकाखाली ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं. खुरपं. कात्री. सुतळी. हात सोलवटले तिचे. प्रेमाशिवाय इतकं कोण करतं?

आर्नल्ड घरी आला. गिलियनने मोठ्या कौतुकाने दार उघडलं. तो आत आला, उजवा हात दारामागे गेला. भिंत नुसती गुळगुळीत होती. त्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. मग टोपी काढली आणि मागे सरकला.

"माफ करा हं. चुकून दुसऱ्याच्या शेडमध्ये शिरलो."

"डॅड, तुझीच आहे ही. बघ तरी, आता सगळं पटकन सापडेल तुला."

"छान ठेवलीय," तो अदबीने म्हणाला. "ज्याची आहे त्याला सांग."

त्यानंतर त्याने माझ्यात पाऊल टाकलं नाही. तो आपली शेड शोधू लागला. आधी बागेत, मग डोरीनबाईंच्या अंगणात. ऑगस्टमध्ये तो हमरस्त्यावर सापडला, पायात फक्त मोजे. पोलिसांना म्हणाला, "शेडवर चाललोय. लीक लावायचे राहिलेत." पुढच्या महिन्यात त्याला वृद्धाश्रमात ठेवलं.

ऑक्टोबरात एका दुपारी गिलियन एकटीच आली. हातात हातोडी आणि एक खिळा. तिने दारामागे तो टेकवून पाहिला.

"इथे होता का?" ती पुटपुटली. "की जरा वर?"

दोन बोटं डावीकडे, गिलियन. रंगाखाली भोक अजून आहे. मी सांगत होते, पण लाकडाचं सांगणं माणसाला कसं ऐकू यावं? तिने तीन ठिकाणी खिळा ठोकला, तीनदा उपटला आणि जमिनीवर बसून रडली.

आता घर विकायला काढलंय. बघायला येणारे माझं कौतुक करतात.

तुम्ही कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा पसारा आवरायला गेलात, तर आधी एक दिवस नुसते त्याच्याजवळ बसा. त्याचे हात कुठे जातात ते बघा. एवढंच मागणं आहे. गिलियनला दोष देऊ नका. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी तो पांढरा रंग अंगावर चढत होता तेव्हा, खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.