'गंभीर चोरी'चा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी लाकडी मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे. मित्रांनो, माझ्या तळाशी दोनच शब्द आहेत: 'गंभीर चोरी'. पण दरारा काय वर्णावा! मी ज्याच्या कागदावर उमटे, त्याला जामीन मिळत नसे. खटला उभा राहीपर्यंत, वर्ष जावो की दोन वर्षे, तो कोठडीतच.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांचा मी फार लाडका. एकदा एका चोराने म्हातारीच्या गळ्याला सुरी लावून तिच्या बांगड्या काढून नेल्या. त्याच्या कागदावर मी ठसठशीत उमटलो, तेव्हा "शाबास रे गड्या!" म्हणत त्यांनी मला थोपटले. मला अगदी धन्य वाटले.

पण जुन्या कायद्यात एक गोम होती. चोराजवळ लोखंडी अवजार सापडले की चोरी गंभीर. मग सुरी असो की पाना! त्यामुळे बहुतेक कागद माझ्याच वाट्याला येत. हवालदारांनी सोपी युक्ती काढली. सकाळी चहा पिता पिता ते कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर मला धपाधप मारून ठेवत आणि गुन्हा मागाहून लिहीत.

मग कायदा बदलला. अवजाराने कुणाला धाक घातला का, इजा केली का, हे पाहणे भाग झाले. हवालदारांनी परिपत्रक वाचले, मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी सवयीने पुन्हा कोऱ्या गठ्ठ्यावर मला मारून ठेवले!

त्याच दुपारी एका नळदुरुस्तीवाल्याला धरून आणले. त्याने बांधकामावरून पितळी नळ उचलले होते. पिशवीत त्याचा पाना होता. मागोमाग त्याची बहीण धावत आली आणि हवालदारांना विनवू लागली.

"दादा, चुकलंच त्याचं. पण पाना तर त्याच्या पोटापाण्याचा आहे हो! तो आत गेला तर त्याच्या लेकीला कोण बघणार? आई नाही तिला."

"ताई, कागदावर शिक्का पडलाय. आता माझ्या हातात काय आहे?"

अहो, त्यांच्या हातात मीच होतो! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एवढ्यात नव्या साहेबबाई आल्या. त्यांनी कागद वाचला.

"पाना कुणावर उगारला याने?"

"तिथे कुणी नव्हतंच, बाई."

"मग हा शिक्का कशाला?"

हवालदार घुटमळले. "तो... सकाळीच मारून ठेवला होता."

बाईंनी अख्खा गठ्ठा टराटरा फाडला. हवालदारांनी खाली मान घालून नवा कागद लिहिला: साधी चोरी. नळ परत गेले, खटला राहिला. पण संध्याकाळी तो जामिनावर बहिणीबरोबर घरी गेला. त्याला जाताना पाहून मला हायसे वाटले.

हल्ली मी बराच वेळ खणात असतो. रबराला चिरा पडल्या आहेत, कधी कधी करमतही नाही. तरी हवालदार मला उचलतात, तेव्हा आधी कागद दोनदा वाचतात. मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. तो उमटवण्याआधी समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या. वेळ लागला तर लागू द्या. आम्हा शिक्क्यांना कसलीच घाई नसते.