शेवटची ओळ आधी

"थांब! पेन्सिल खाली."

बाबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. विज्ञानाच्या उतारे-आलेखांवरच्या चाळीस प्रश्नांपैकी आठ कोरेच राहिले होते. कॉलेजची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि लेकीची गाडी रोज इथेच अडायची.

"येतं हो सगळं, बाबा. वेळच पुरत नाही."

"पुरणार कसा? कासवबाई, तुम्ही उतारा वाचता की पाठ करता?"

"बोलतंय कोण?" आतून आई म्हणाली. "आजचा पेपर उद्या संपवणारे!"

बाबा हसले. टपाल कचेरीत पत्रांची गावनिहाय वाटणी करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. विज्ञानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून ते तिला कामावर घेऊन गेले. भिंतभर लाकडी खण, टेबलावर पत्रांचा ढीग. बाबांचे हात चालू झाले आणि ती बघतच राहिली. घरी चहाचा कप उचलायला दोनदा सांगावं लागायचं, ते हेच हात!

"इतकं भराभर वाचता कसं?"

"वाचतो कुठे? शेवटची ओळ आधी बघायची. गाव कळलं की झालं. नाव, गल्ली पोस्टमन बघेल." मग त्यांनी कोपऱ्यातला खण दाखवला. "अक्षर लागलं नाही की पत्र त्यात. एकापायी शंभर खोळंबवायची नाहीत. बाकीचं उरकलं की तो खण निवांत रिकामा करायचा."

त्या संध्याकाळी तिने उतारा सोडून आधी प्रश्न वाचला, मग आलेखात तेवढंच शोधलं. अडलेल्या प्रश्नाभोवती चौकोन काढला आणि पुढे गेली. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन.

परीक्षेच्या दिवशी चार चौकोन उरले होते, आणि हातात सहा मिनिटं. फाटकाबाहेर बाबा खाकी गणवेशातच उभे होते.

"खण?"

"रिकामा!"

बावीस वर्षांनी, ती स्वतः डॉक्टर असताना, बाबांच्या तपासणीचा लिफाफा आला. पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पत्ता बरोबर असल्याची खात्री केली आणि तिच्या हातात दिला. तिने कागद उघडला. नजर आपसूक शेवटच्या ओळीवर, निष्कर्षावर गेली.

"काय म्हणतोय कागद?"

तिने नजर पुन्हा पहिल्या ओळीवर आणली. त्यांचं नाव मोठ्याने वाचलं. वय वाचलं. तारीख वाचली. मग एकेक आकडा, त्याखालचा आकडा, नेहमीचे, बिनमहत्त्वाचेसुद्धा. तिची नजर आधी कुठे गेली होती, ते बाबांनी पाहिलं होतं.

कागद अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि उशीखाली सरकवलं.

"वाच," ते म्हणाले. "सावकाश वाच, कासवबाई."