हँडल नाचतंय

"पप्पा, आज मुद्दाम हात सैल ठेवले. तरी नाचलं." मनस्वीने हेल्मेट काढून बाइकच्या टाकीवर ठेवलं. तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"कुठं?"

"उरण रोडला. साठच्या पुढे गेले, ॲक्सिलरेटर सोडला आणि हँडल थडथड करायला लागलं. बाजूला ट्रेलर होता, पप्पा. मी परत आले. खरं सांग, मीच चुकतेय का?"

मिथुनने पुढचं चाक हाताने हलवून पाहिलं. करंजाडेतल्या त्याच्या गॅरेजात डगमगत्या चाकाच्या गाड्या नेहमीच्याच होत्या, पण लेकीच्या गाडीशी तो महिनाभर हरत होता. टायर बदलला. रिम फिरवून पाहिली. चाकाचे बेअरिंग नवे टाकले. पुढचं चाक अधांतरी ठेवून शॉकअप खालून धरून ओढले. जराही ढिलाई नाही. हँडलच्या दांड्यातल्या बेअरिंगच्या गोळ्याही बदलल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग पुढची. असं करत सगळं संपलं आणि उरली फक्त चालवणारी. "तुझाच हात कडक हाय," तो तिला म्हणाला होता. तेव्हापासून ती रोज न्हावा शेव्याच्या ऑफिसला जाताना, ट्रेलरांच्या मधून, स्वतःचे हात सुधारत होती.

"आज बसनं जा," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने दोरी काढली. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. पाहायचं कारणही नव्हतं. गाडी दिपेशने आणली होती. दिपेश त्याचा धाकटा भाऊ. इंजिन आणि चाकं मिथुनकडे, वेल्डिंग आणि जुन्या गाड्यांची खरेदी दिपेशकडे. गॅरेजचा पहिल्यापासूनचा रिवाज होता: एकाने 'ओके' म्हटलं की दुसऱ्याने त्या कामाला पाना लावायचा नाही. गाडी आणली त्या दिवशी, ती कधीच आपटलेली नाही अशी हमी देत दिपेश म्हणाला होता, "ओके हाय दादूस. एक डाव पन परलेली नाय."

मागच्या चाकाला बांधून दोरी त्याने पुढे ताणली. पुढचं चाक एका बाजूला अंगठाभर सरकलेलं होतं. त्याने दोरी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा पाहिलं. मग टाकी उतरवली. हँडलचा दांडा चेसिसमध्ये जिथे बसतो, तिथला रंग बाकी गाडीपेक्षा जरा जास्तच काळा होता. पॉलिशपेपर घासल्यावर रंगाखालून वेल्डिंगचा सांधा वर आला. चेसिस तिथे तुटलेली होती, आणि जोडताना वाकडी जोडली गेली होती.

सांधा मात्र सुरेख होता. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले थर, आणि सगळे उलट्या दिशेने गेलेले. उजव्या हाताचा माणूस असा सांधा ओढत नाही.

मिथुनने सांध्यावरून अंगठा फिरवला. दिपेश डावखुरा होता. वेल्डिंगचा होल्डर कसा धरायचा, हे त्याला मिथुननेच शिकवलं होतं.

दिपेश पनवेलहून सामान घेऊन आला. उतरवलेली टाकी पाहून तो दारातच थबकला.

"तूच जोडलास?" मिथुनने विचारलं.

"सांधा पक्का हाय, दादूस. तुटनार नाय."

"मनू चालवनार, म्हायती व्हता तुना?"

दिपेशने पिशवी खाली ठेवली. "गाडी माज्या गल्यात परलेली. कोन घेत नव्हता. आनि मना वाटला, तू बघशील. सगल्यांच्या गाड्या तू दोरी लावून बघतस. तुना दिसला असता, तर मी गप परत घेतली असती. तू बघितलाच नाय."

"तू ओके बोल्लास ना."

"दुसऱ्याला देऊन टाकू," दिपेश हळूच म्हणाला. "गावाबाहेरचा कोनतरी बघतो."

"ही आता कोनालाच नाय," म्हणत मिथुनने पाना उचलला. दुपारपर्यंत त्याने गाडी सुटी केली: चाकं, इंजिन, वायरिंग. दिपेश सामानाच्या खोक्यांशी उगाच खुडबुड करत राहिला. शेवटी नुसती चेसिस उरली, तेव्हा मिथुनने कटर सुरू केला.

आवाज ऐकताच दिपेश उठला. खिळ्यावर टांगलेला कामाचा चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर येऊन बसला आणि चेसिस दोन्ही हातांनी दाबून धरली. काहीही कापायचं असलं की तो असाच येऊन बसायचा. कुणी बोलवावं लागत नसे.

मिथुनने कटर बंद केला. चकती फिरत फिरत थांबली.

"हात कार."

"हलंल ती, दादूस."

"कार."

दिपेशने हात काढले, पण ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. मिथुनने चेसिस एकट्याने उचलली, ओढत टेबलापाशी नेली, तिथल्या शिकंज्यात अडकवली आणि हलेनाशी होईपर्यंत त्याचा दांडा पिळत राहिला.