बोलत्या अर्जातला तिसरा प्रश्न

नवरा जाऊन तीन आठवडे झाले, पण सारजाबाईला काही वाटतच नव्हतं. दहावं झालं, तेरावं झालं, बाई आपली भाकऱ्या थापतेय, शेळ्या सोडतेय. कुरवंड्याच्या वाडीतल्या बायका कुजबुजल्या. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

आज घराच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. एका संस्थेनं वाडीत पक्की घरं बांधायची ठरवलेली. नवऱ्याला मंजूर झालेलं घर आता तिच्या नावावर व्हायला हवं होतं. पाचच्या आत अर्ज गेला नाही, तर घर गेलंच म्हणायचं. म्हणून संस्थेची वेबसाइट करणारा मळवलीचा अमृत स्वतः वाडीत आला. पोराला आपल्या कामाचा भारी अभिमान. असणारच म्हणा! आधीची वेबसाइट म्हणजे मुंगीएवढी फिकट अक्षरं, एका पानावर छप्पन्न प्रश्न. ही मात्र चक्क बोलायची. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर तोंडी.

"मावशी, वाचता येत नाही म्हणून कुणाच्या पाया पडायला नको," अमृत म्हणाला. "आवाज तुमचाच लागतो, दुसऱ्याचा घेत नाही. म्हणजे फसवाफसवी नको."

त्यानं आपला फोन तिच्या हातात दिला. फोननं नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग फोन गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या दिवंगत पतीचं नाव सांगा."

सारजाबाईनं फोन अमृतकडं सरकवला.

"सांगा की, मावशी."

"आमी नाव घेत न्हाई."

तुम्ही तरी समजवा, अशा नजरेनं अमृतनं सुनेकडं, बबिताकडं पाहिलं. तिनं जीभ चावली. "अगं बाई, मामंजींचं नाव घ्या, असं मी सासूबाईंना कसं सांगू?"

आता बोला! आंधळ्यांचा, म्हाताऱ्यांचा, निरक्षरांचा, सगळ्यांचा विचार केलेल्या त्या हुशार पोराला एवढं सुचलं नव्हतं. त्याची आजी जन्मभर आजोबांना 'घरातले' म्हणायची, तरीही!

"लिवून न्हाई का चालत?" बबितानं विचारलं.

"बोलून सुरू केला की लिहायची सोय बंद होते. चूक माझीच आहे, वहिनी. पुढच्या वेळी बदलतो."

"पुढच्या येळी घर हाय व्हय?"

अमृतनं मान खाली घातली. पावणेपाच झाले होते.

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं होतं ते नाव. पुढं चाळीस वर्षं नुसतं 'अवं', नाहीतर 'विकासचा बा'. तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"कोंडाजी."

"धन्यवाद," फोन म्हणाला. "घरात सध्या किती माणसं राहतात?"

सारजाबाई दाराकडं बघत राहिली. नावानं हाक मारली की माणूस ओ देतो, एवढंच तिला ठाऊक. तिनं वाट पाहिली.

"मी, ल्योक आन् सून," ती शेवटी म्हणाली. "तीन."