परतताना थांबू

मी पोलिसांचं जहाज बोलतोय. आता समुद्रात नाही. दक्षिणेकडच्या एका बंदरात, छपराखाली, कोरड्या जमिनीवर टेकू लावून उभा आहे.

माझा जन्म उत्तर ध्रुवाकडच्या बर्फासाठी झाला. जाड फळ्या, त्यांवर लोखंडासारख्या कठीण लाकडाचं कवच, आणि बूड अंड्यासारखं गोल. बर्फानं आवळलं की मी चिरडला जायचो नाही, वर उचलला जायचो. पण मोकळ्या पाण्यात हेच बूड मला इतकं डोलवायचं की पोलीस ओकून ओकून हैराण होत.

पूर्वेच्या समुद्राकडे निघालो तेव्हा वाट दाखवायला माझे कप्तान सार्जंट टॉरन्स यांनी त्या बर्फाळ मुलखातलाच कुब्लू नावाचा शिकारी घेतला. त्याच्याबरोबर गरोदर बायको, कुत्रे आणि म्हातारी आई आर्नालुक. माझ्या डेकवर त्यांनी कातड्याचा तंबू ठोकला.

"हे जहाज आहे की दारू प्यायलेला सील मासा?" पहिल्याच दिवशी आर्नालुक म्हणाली.

"म्हातारे, उतरून पोहत ये मग," शिपाई फॉली म्हणाला.

"तू आधी ओकणं थांबव, मग मला शिकव."

तिचं एकच मागणं होतं. वाटेत तिची खाडी लागणार होती. नवरा तिथेच दगडांखाली पुरलेला. तिला तिथे उतरायचं होतं, तिथेच मरायचं होतं. टॉरन्सनी शब्द दिला होता.

खाडी आली तेव्हा वारा चांगला होता आणि बर्फ फुटून वाट मोकळी झाली होती. बिनतारी यंत्रावर हुकूम आला होता: थांबू नका, पूर्वेचा समुद्र गाठा. आर्नालुक कठड्यावर तळवा ठेवून उभी होती. मासे वाळवायचे दगड तिला दिसत होते. मलाही दिसत होते.

"साहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे," कुब्लू म्हणाला.

"परतताना थांबू," टॉरन्स म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खाडीकडे पाहिलं नाही, एवढंच.

सुकाणू फिरलं असतं तर मी वळलो असतो. जहाजाला स्वतःहून वळता येत नाही.

पुढे बर्फानं मला दहा महिने धरून ठेवलं. हिवाळ्याच्या त्या लांबलचक अंधारात आर्नालुक गेली. परक्या किनाऱ्यावर तिच्यावर दगड रचले. सूर्य पुन्हा दिसू लागला तेव्हा तंबूत कुब्लूच्या बायकोला मुलगी झाली. तिला आर्नालुकचंच नाव दिलं. कुब्लूच्या लोकांत नाव दिलं की गेलेलं माणूस परत आलं असं धरतात, आणि जुन्या नात्यानंच हाक मारतात. कुब्लू आपल्या तान्ह्या लेकीला 'आई' म्हणू लागला.

"कुब्लू, तुझी आई लंगोट ओला करून बसलीय बघ," फॉली म्हणाला. कुब्लूही हसला.

बर्फ सुटलं तेव्हा तो पोरीला घेऊन टॉरन्सपुढे उभा राहिला.

"साहेब, आई विचारतेय. घरी कधी?"

टॉरन्सनी टोपी काढली. त्यांनी तान्ह्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि मला पूर्वेकडे हाकलं.

पूर्वेला पोचल्यावर त्यांना पदकं मिळाली. कुब्लूचं कुटुंब एका अनोळखी ठाण्यावर उतरवलं. मी परतलो तो दुसऱ्या वाटेनं. कुब्लू त्या ठाण्यावरच वारला, असं पुढे कानावर आलं.

गेल्या महिन्यात एक पांढऱ्या केसांची बाई माझ्या डेकवर आली. तंबूची जागा तिनं न विचारता शोधली आणि खाली बसली.

"बाई, तिथे बसायला मनाई आहे," रखवालदार म्हणाला.

"मला इथेच बसवून नेलं होतं," ती म्हणाली. "साहेब परतताना थांबू म्हणाले होते. मी आता दुसऱ्यांदा म्हातारी झालेय."

रखवालदाराला काही कळलं नाही. पाच वाजले होते, संग्रहालय बंद करायचं होतं, म्हणून त्यानं तिला हात देऊन उठवलं. जाताना तिनं माझ्या कठड्यावर तळवा ठेवला, जसा खाडी दिसली तेव्हा ठेवला होता.

मला पाहायला येता, माझं कौतुक करता. माझं एक ऐका. मी आता तरंगत नाही. पण तुमच्याकडे विमानं आहेत. तिला शोधा आणि त्या खाडीवर सोडा. वाट मी सांगतो.