दाढदुखीचा राक्षस

मे महिन्याची सुट्टी लागताच प्रमोदिनीनं लेकीसाठी वही आखली. रोज दहा पानं वाचायची, पाच अवघड शब्द उतरवायचे, खाली तात्पर्य लिहायचं. ती स्वतः शिक्षिका, बारा वर्षं चौथीला मराठी शिकवत आलेली. आणि तिचीच नऊ वर्षांची पायल वाचताना ओळीओळीला अडखळायची. वही आल्यापासून तर पुस्तक समोर आलं की पोरीच्या पोटात दुखायचं.

त्या दिवशी शाळेत निकालाचं काम होतं. शेजारच्या रंभाबाईंना घरी बसवून प्रमोदिनी गेली आणि भर दुपारी दोनला, तोंडाला दुपट्टा बांधून, स्कूटीवरून परतली. जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. घोगरा, थरथरता, माणसाचा न वाटणारा.

"माऽऽझी दाऽऽढ कोऽऽण उपटतो?"

तिनं दार हळूच लोटलं. पायल कूलरच्या जाळीला तोंड लावून गोष्टीचं पुस्तक वाचत होती. फिरत्या पात्यांमुळे तिचा आवाज राक्षसासारखा घुमत होता. वरच्या मजल्यावरची मिनल आणि तिचा धाकटा भाऊ अश्विन एकमेकांचे हात घट्ट धरून बसले होते. रंभाबाई दिवाणावर आडव्या, पण डोळे टक्क उघडे. पायल अडखळत होतीच. पण अडली की ती गुरगुरायची, आणि पुढचा शब्द लागेपर्यंत मुलं आनंदानं किंचाळायची. एक पान उलटलं. मग दुसरं. दुपट्टा सोडायचंही प्रमोदिनीला सुचेना.

तेवढ्यात लाईन गेली.

पाती मंदावली. राक्षसाचा आवाज विरत गेला आणि पायलचा बारीक आवाज तेवढा उरला. ती थांबली. मागं वळली, तर दारात आई.

"आई... मी आता वही लिहितो."

"थांबली काहून वं पोरी?" रंभाबाई उठून बसल्या. "निंगाली का नाई त्याची दाढ?"

प्रमोदिनी दाराशीच फरशीवर बसली. "वही राहू दे. मले बी ऐकायचं आहे."

पायलनं तिच्याकडे बघून घेतलं, आणि स्वतःच्या आवाजात वाचायला लागली. 'सांडशी' या शब्दावर ती अडली. कुणी हसलं नाही. ती सवयीनं गुरगुरली, अश्विन किंचाळला, शब्द सुटला. खोली तापत चालली होती, घाम पाठीवरून ओघळत होता, पण कुणी जागचं हललं नाही. प्रमोदिनीच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत इतक्या मुलांना तिनं अक्षरं शिकवली होती. पण एका पोरीच्या नुसत्या वाचण्यानं घरभर माणसं अशी श्वास रोखून बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

दाढ निघाली. रंभाबाईंनी टाळी वाजवली.

"दुसरा राक्षस आहे का?" अश्विननं विचारलं.

पायल कपाटाकडे धावली आणि फरशीवर बसून पुस्तकांमागून पुस्तकं काढू लागली. प्रमोदिनी उठली आणि पावलांचा आवाज होऊ न देता सगळ्यांसाठी माठातलं पाणी आणायला गेली.